बादलीभाऊ

खुर्चीवर बसण्याआधी ते खांद्यावरचा दुपट्टा काढून कॉम्प्युटरचा पडदा पुसायचे. मग खुर्ची पुढे-मागे सरकवून पाय नीट टेकतात का ते बघायचे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान वळवायचे आणि कीबोर्डला लावलेला हात कपाळाला न्यायचे. तोवर इकडे माझा जीव खालीवर. "काका, तिकडं सुरू झालं न!" मी म्हणायचे. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "घाई कोणाले हाय?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा एसटीचा ड्रायव्हर असेल, निवृत्त झाला तरी गाडीतून न उतरलेला. आमच्या गल्लीतले हे काका तळेगावची गाडी चालवायचे. मागून कुणी धावत येताना आरशात दिसलं की गाडी थांबलीच म्हणून समजा. आतले लोक ओरडले की, "घाई कोणाले हाय?" लहानपणी मामाच्या गावी जाताना मीही त्यांच्या नावानं बोटं मोडली आहेत.

माझं दुकान बोरगाव मेघेत. पुढे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज, मागच्या खोलीत गेम खेळायचे कॉम्प्युटर. कॉलेजची पोरं येतात, कल्ला करतात, मी त्यांच्यावर डाफरते, असा आमचा संसार. एका रविवारी दुपारी काका आले. झेरॉक्सला आले असतील म्हणून मी कागद घ्यायला हात पुढे केला. ते इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "पोरी, तो डाकूंचा खेळ हाय का तुझ्यापाशी? जहाजाचा?"

मी बघतच राहिले. कारण त्यांच्या घरात 'गेम' हा शब्द काढायची सोय नव्हती, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

झालं होतं असं. त्यांच्या एकुलत्या एक मुलानं पुलगावच्या डेपोत नोकरी धरावी अशी काकांची फार इच्छा. तो गेला पुण्याला, व्हिडिओ गेम तपासायच्या नोकरीवर. नवा गेम बाजारात येण्याआधी तो खेळून त्यातल्या चुका काढायच्या, हे त्याचं काम. काकांच्या डोक्यात ते शेवटपर्यंत शिरलं नाही. पुतणीच्या लग्नात कुणीतरी विचारलं, पोरगा काय करतो? काका भर पंगतीत म्हणाले, "गोट्या खेळते आन् पगार घेते." लोक हसले. मुलगा भरल्या ताटावरून उठला आणि त्याच पावली पुण्याला गेला. त्यानंतर दिवाळीलाही आला नाही. फोन यायचा, पण काकूंच्या मोबाइलवर. काका शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून बसायचे.

आता हा मुलगा दर रविवारी दुपारी समुद्री चाच्यांचा एक गेम इंटरनेटवर सगळ्यांसमोर खेळत असे. त्याच्या जहाजावर तो स्वतः, त्याचे दोन मित्र, आणि चौथी जागा बघणाऱ्यांपैकी कुणाला तरी. काकूंच्या मोबाइलवर काकांनी ते चोरून पाहिलं होतं.

"असा हासून राह्यला होता वं तो," काका मला म्हणाले. "घरी असा हासताना मी त्याले कधी पाह्यला नाई. मले त्या जहाजावर चढव. पण मी कोण, हे त्याले समजाले नको."

शिकवणं म्हणजे काय दिव्य होतं ते माझं मला माहीत! सुकाणू मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी असं धरलं की मागची पोरं गेम सोडून बघायला आली. बंदुकीचं त्यांना वावडं. "हे डाकू नुसतं खोबरंच खातेत का? भाकर-भाजी काई?" असले प्रश्न. एका बटणाबद्दल मी मुद्दाम बजावलं, हे दाबलं की तुमचा आवाज जहाजावर ऐकू जाईल. त्यांनी माझ्याच काउंटरवरची चिकटपट्टी घेऊन ते बटण झाकून टाकलं.

मग एका रविवारी मी टाकलेल्या खोट्या नावाला चौथी जागा मिळाली. जहाजावर त्यांनी सुकाणू मागितलं नाही. "वर राह्यलो तर बोलावं लागते," म्हणाले, आणि सरळ तळाशी गेले. शत्रूचा गोळा लागला की जहाजाला भोक पडतं, पाणी भरतं. भोकावर फळी ठोकायची आणि बादलीनं पाणी उपसून बाहेर टाकायचं, हे काम कुणालाच नको असतं. वर खजिन्यावरून मारामाऱ्या चालायच्या आणि आमचे काका खाली शांतपणे पाणी काढत असायचे.

"ए बादलीभाऊ!" मुलगा वरून ओरडायचा, "पाणी भरून राह्यलं, पळ लवकर!" काका एक बटण दाबायचे, आणि त्यांचा डाकू टाचा जुळवून कडक सलाम ठोकायचा. जन्मदात्या बापाला पोरगा भाऊ म्हणतोय, अरे-तुरे करतोय आणि बाप सलाम ठोकतोय! मला हसू आवरायचं नाही. काकाही खुशीत. दर रविवारी चौथी जागा बादलीभाऊचीच झाली.

एकदा मुलगा बघणाऱ्यांना म्हणाला, "बाकी सगळे खजिन्यासाठी येतात. हा बादलीभाऊ एक शब्द बोलत नाही, काही मागत नाही, नुसतं जहाज बुडू देत नाही. असा माणूस पाहिजे बरोबर." काकांनी चष्मा काढला आणि दुपट्ट्यानं पुसत बसले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"काका, आता तरी बोला न," मी म्हटलं.

"काय बोलू? सगळ्याईच्या समोर मीच बोललो होतो त्याले. आता आवाज ओळखला आन् उतरवून देल्लं तर? एवढा रविवारच तं हाय माह्यापाशी."

मला फार वाईट वाटलं. रागही आला, दोघांचाही.

मग तो वादळाचा रविवार. मागे शत्रूचं जहाज, समोर दोन काळे कडे आणि मधून जेमतेम जहाज जाईल एवढी फट. मुलानं सगळी शिडं सोडलेली. "निघून जाऊ, निघून जाऊ!" तो ओरडत होता. काका बादली घेऊन शिडीनं वर आले आणि त्यांना समोरचा कडा दिसला. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. ते ब्रेक शोधत होते. ब्रेक काही सापडला नाही, तेव्हा त्यांनी ते बटण चिकटपट्टीसकट दाबलं.

"अबे, शिडं उतरव! दोन्ही अंग पाह्य! घाई कोणाले हाय?"

एक मित्र म्हणाला, "हा कोण बोलला रे?" काकांचा हात बटणावरून निघाला होता, पण तसाच अधांतरी थांबला होता.

पडद्यावर शिडं हळूहळू खाली आली. जहाज कड्याला घासत घासत फटीतून बाहेर पडलं. खाली पाणी भरतच होतं.

"बादलीभाऊ," मुलगा म्हणाला. "इकडे या. सुकाणू तुम्ही धरा. पाणी मी काढतो."

मित्र म्हणाला, "अरे, कॅप्टन तू आहेस न?" पण तो सुकाणू सोडून शिडीनं खाली उतरला होता. काकांनी सुकाणू धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते काही त्यांनी पुसलं नाही. त्या दिवशी जहाज इतकं सावकाश गेलं की बघणारे कंटाळून निघून गेले असतील. मी नाही गेले.

संध्याकाळी फोन आला तो काकांच्या मोबाइलवर. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी आणि काकूंनी बांधून दिलेला डबा घेऊन काका दुकानात उभे. "स्टेशनवर सोडतं का, पोरी? पुण्याची गाडी हाय."

गाडीला भरपूर वेळ होता. मी स्कूटी काढली. माझं गाडी चालवणं त्यांना कधीच पटलेलं नाही; एरवी मागे बसले की जपून घे, हळू घे, असा जप चालायचा. म्हणून मी मुद्दाम सावकाश निघाले.

रस्ता मोकळा होता. मागून खांद्यावर थाप पडली. "पळव न वं जरा."

मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, घाई कोणाले हाय?"

मागे त्यांनी पिशवी सावरून घेतली.

"मले हाय," ते म्हणाले. "मले हाय न, बाई."