दुसरी चौकट

आमच्याकडे घराबाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणत नाही. पिठाच्या गिरणीवर निघालेलं माणूसही, बाई असो की पुरुष, 'येतो'च म्हणतं, आणि घरातल्यानं 'या' म्हणायचं. ह्या एका 'येतो'पायी मी रिसोडच्या एका अख्ख्या बँड पार्टीचं हसं केलं होतं.

बँड माझ्या नवऱ्याचा. ते क्लॅरिनेट वाजवायचे, चाली बांधायचे. फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याकडून पाच रेघांवर सूर लिहायला शिकले होते, पण अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. म्हणून ते वाजवून दाखवायचे आणि पार्टीसाठी प्रती मी काढायची.

चाल दोनदा वाजवायची असली की शेवटच्या सुरांवर दोन चौकटी येतात. पहिल्या खेपेला पहिली चौकट वाजवून पुन्हा सुरुवातीला वळायचं. दुसऱ्या खेपेला पहिली सोडून दुसरीत शिरायचं आणि थांबायचं. पार्टीतल्यांच्या ध्यानात राहावं म्हणून हे म्हणाले, "पहिलीवर येतो लिव, दुसरीवर जातो."

"दिवेलागणीच्या वक्ताले असं लिवू? हात झडून जाईन माहा!"

"अवं, जाऊन राह्यली ते चाल, मी नाई!"

ऐकतंय कोण? मी दोन्ही चौकटींवर 'येतो' लिहून टाकलं. जुन्या माणसांना चाल पाठ, त्यांचं काही अडलं नाही. मानोऱ्याकडून नवा आलेला ट्रम्पेटवाला मात्र कागदाला धरून चालला. आमच्या इकडच्या मालेगावच्या एका लग्नात, पाठवणीला, नवरी गाडीच्या दारात उभी, आणि हा गडी दुसऱ्या चौकटीवरून पुन्हा सुरुवातीला! बाकीचे फरफटत त्याच्यामागे. डोळे पुसून झालेल्या बायका पुन्हा रडायला लागल्या. हे घरी आले ते हसून हसून लाल.

"तुह्या येतोनं नवरीले दोन डाव रडवलं," म्हणाले. मग दुसऱ्या चौकटीवर शब्दच लिहायचा नाही, नुसते सूर लिहायचे, असं ठरलं.

आमच्या एकुलत्या पोरीचं लग्न जमलं तेव्हा ह्यांनी तिच्या पाठवणीसाठी चाल बांधली. एका दुपारी ओट्यावर बसून वाजवली, मी पहिल्या चौकटीपर्यंत लिहून घेतली. दुसरीचे सूर त्यांनी नुसते गुणगुणले, कारण दम लागला होता. चार सूर, हळूहळू खाली उतरणारे. "उद्या लिवू," म्हणाले.

त्याच हप्त्यात छातीत दुखायला लागलं, अकोल्याला न्यायचं ठरलं. गाडीत बसताना म्हणाले, "येतो व." मी 'या' म्हटलं. आले नाहीत. इतका राग आला मला त्या माणसाचा, की रडूसुद्धा नीट येईना. जन्मात कधी खोटं बोलले नाहीत, आणि बोलले ते हे.

लग्न पुढे ढकललं, मोडलं नाही. पार्टीतले प्रती न्यायला आले. ट्रम्पेटवाला म्हणाला, "वहिनी, दुसरी चौकट कोरी हाय."

"लिवतो," म्हटलं. सूर मला पाठ होते. पेन्सिल घेऊन बसायची आणि तशीच उठायची. ते चार सूर लिहिले की ह्यांची चाल संपली, मग ह्यांचं काही उरलंच नाही, असं वाटायचं. लग्नाच्या दिवसापर्यंत चौकट कोरीच राहिली.

पाठवणीला चाल सुरू झाली. पहिली चौकट आली, पार्टी सुरुवातीला वळली. पुन्हा पहिली चौकट, पुन्हा सुरुवात. कुणाला थांबता येईना. ट्रम्पेटवाला वाजवता वाजवता माझ्याकडेच बघत होता. मला तर वाटत होतं, वाजू दे असंच, कायमचं. तेवढ्यात पोरगी गाडीपासून परत आली आणि माझ्या गळ्यात पडली.

"आई, संपव व आता. बाबानं माह्या जाण्यासाठीच बांधली ना ही?"

तिनं तो शब्द तोंडातून काढला, आणि माझ्यानं तिला टोकवलं नाही.

तिच्या खांद्यावर तोंड ठेवूनच मी ते चार सूर गुणगुणले. आवाज फाटत होता. ट्रम्पेटवाल्यानं जवळ येऊन ऐकले, पुढच्या खेपेला वाजवले, आणि पार्टी थांबली.

"येतो, आई," पोरगी म्हणाली.

"ये," म्हटलं. ह्यांनाही असंच 'या' म्हटलं होतं मी.