ढाणकीसाठी थांबलेले लोक

फिरोजविषयी लिहिणारा मी कोण, असं वाटतं. पण आमच्या ढाणकी गावात दुसरं कोणी लिहील असंही दिसत नाही. तो पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी पुन्हा भरून द्यायचा, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून द्यायचा. कोणत्या मोटारीला किती तार, किती वेढे, हे सांगणारा एक फुकटचा प्रोग्राम त्याला इंटरनेटवर सापडला होता. जगभरातली माणसं मिळून तो घडवत. आपल्याकडच्या विहिरींवरच्या मोटारींची माहिती फिरोजने त्यात घातली. त्या माणसांना जाणारी इंग्रजी पत्रं मी टाइप करून देई. माझा टायपिंगचा क्लास तेव्हा बंद पडला होता.

हा प्रोग्राम जोडलेला मिळत नसे. सुटे भाग उतरवून घ्यायचे आणि दुसऱ्या एका प्रोग्रामने ते आपल्या कॉम्प्युटरवर जोडायचे. हे जोडायचं हत्यार, म्हणजे तो दुसरा प्रोग्राम, फिरोजकडे जुनं होतं. त्याचा कॉम्प्युटर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातून आलेला. नवं हत्यार त्यावर चालतच नसे. कापूस बुडाला की लोक जळकी मोटार तशीच ठेवत, त्यामुळे नवा कॉम्प्युटर घेणं दरवर्षी पुढे जाई.

प्रोग्राम घडवणाऱ्यांच्या प्रमुख बाई दरवर्षी सगळ्यांना विचारत, "हत्याराची किमान आवृत्ती वाढवू का, म्हणजे जुनं हत्यार यापुढे चालणार नाही? जुन्यासाठी आम्हाला एकेक काम दोनदा करावं लागतं. कोणाची अडचण होईल?"

फिरोज एकटाच कळवायचा, "माझी."

"मग ढाणकीसाठी थांबतो," असं बाईंचं उत्तर येई.

"फिरोज, तुह्या या डब्ब्याले पेन्शन दे ना आता," गिऱ्हाईक अमरसिंग एकदा म्हणाला.

"पह्यले तुह्या मोटारीले दे. भरून भरून मीच जळून राह्यलो."

बोंडअळीच्या वर्षी फिरोज काविळीने गेला. त्याची बायको गझाला त्याच्याजवळ बसून मोटारी भरायला शिकली होती. तिने दुकान उघडं ठेवलं. तो कुठे आहे असं कोणी विचारलं, तर ती नुसतं "नाहीत" म्हणायची.

त्या वर्षीही प्रश्न आला. कोणी काही बोललं नाही, तेव्हा बाईंनी पुन्हा लिहिलं, "ढाणकी, तुम्ही आहात ना?"

गझालाने मला बोलावलं. "काका, लिहून द्या, अडचण होईन म्हणून. नाही तं ते लोक ह्यायले सोडून पुढं जातीन."

"लिहितो. पण नवा प्रोग्राम आला तं जोडन कोण, पोरी? तुले येते?"

"तुमाले?"

"मले फक्त टाइप येते."

तिने हातातल्या तारेचा वेढा पुरा केला. मग म्हणाली, "त्या बाई तिकडं दोनदा काम करून राहिल्या, अन् इकडं कोणीच नाही. वाढवा म्हणा."

"अन् फिरोजचं काय लिहू?"

"गेले म्हणून लिहा."

मी लिहिलं. त्यानंतर ज्यांची नावं मला नीट वाचताही आली नाहीत अशा माणसांची दुखवट्याची पत्रं आली. मी ती तिला मराठीत सांगितली. मग किमान आवृत्ती वाढली.

नवा प्रोग्राम आला तेव्हा गझाला म्हणाली, "एकदा करून तं पाहू." आम्ही जुन्याच हत्याराने चाचपडत भाग जोडायला सुरुवात केली. पहिल्याच पायरीला काम थांबलं. हत्यार फार जुनं आहे, असं पडद्यावर आलं. मी वाचून दाखवलं. तिने मान हलवली, फिरोजच्या हातून शेवटचा जोडला गेलेला जुना प्रोग्राम उघडला आणि पुढ्यातल्या मोटारीचे वेढे मला वाचायला सांगितले.