बरक्यापर्यंतची आगगाडी

"स्टेशन आल्याशिवाय उठायचं नाही!"

एक बोट वर करून तो हे म्हणायचा. ओमानातल्या अल खुवैरच्या आमच्या ऑफिसात मीटिंग लांबली आणि कुणी खुर्चीत चुळबुळ करू लागलं, की टेबलापलीकडून ते बोट हळूच वर येई. आम्ही खाली मान घालून हसायचो. अर्बाबला, म्हणजे आमच्या मालकाला, वाटे, त्याच्याच विनोदाला हसताहेत.

वाक्य मुळात त्याच्या अडीच वर्षांच्या मुलीसाठी होतं. ओमानात माणसांची आगगाडी नाही. पोरीनं जन्मात रूळ पाहिला नव्हता, आणि हा गृहस्थ मे महिन्यात तिला एकट्यानं घेऊन युरोपभर आगगाडीनं हिंडणार होता. झुरिक, मिलान, व्हेनिस, व्हिएन्ना. म्हणून दर शुक्रवारी सकाळी रंगीत तालीम. अल हैलच्या घरातून निघायचं ते किनाऱ्यावरच्या बरका गावापर्यंत. गाडी त्याचीच, सहा वर्षं जुनी, पण त्या दिवशी तिची आगगाडी व्हायची. मागच्या सीटवर पट्ट्यात बसलेल्या लेकीनं रडायचं नाही, किंचाळायचं नाही, स्टेशन येईपर्यंत शहाण्यासारखं बसायचं. बरक्याचा मासळीबाजार दिसला की तो ओरडायचा, "मिलान आलं!" मिलानला सुरमईचा वास येतो, अशी त्या पोरीची समजूत झाली असणार.

वाटेतल्या पेट्रोल पंपावर 'गाडी बदलणे' हा कार्यक्रम असे. मुलगी, तिची ढकलगाडी, डायपरची पिशवी, मेतकूट-भाताचा थर्मास, सगळं उतरवायचं, धावत गाडीला वळसा घालायचा आणि पलीकडच्या दारानं पुन्हा चढायचं. पंपावरच्या बिचाऱ्या बंगाली पोऱ्यानं एकदा गाडी बिघडली समजून बॉनेट उघडून पाहिलं होतं. मी तेव्हा सोबत होतो. हसून माझं पोट दुखलं.

तुम्ही म्हणाल, हौशी माणूस. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण ही हौस नव्हती. मुलगी दहा महिन्यांची असताना त्याची बायको गेली. चिपळूणचे सासू-सासरे तेव्हापासून नातीला मागत होते, प्रेमानंच. एकट्या पुरुषमाणसानं परमुलखात, दिवसभर नोकरी करून, तान्हं मूल कसं वाढवायचं? हा एक दिवस बोलून बसला, "पंधरा दिवस आम्ही दोघंच परक्या देशात जाऊन येतो. कुणाची मदत नाही. मग बोला." सासरे शब्दाचे पक्के. म्हणाले, "नीट जाऊन या. मग मी हा विषय काढणार नाही."

मी त्याला म्हटलं, "अरे, टूर कंपनीबरोबर जा की. बसभर मराठी माणसं असतात. आज्या पोरीला खाली ठेवणार नाहीत."

"तेच नकोय. मग मी काय केलं?"

"बरं, मग मोटार भाड्यानं घे."

"नको. मोटारीत ती कायम माझ्या पाठीमागे. दिसतच नाही. आगगाडीत समोर बसेल."



एप्रिलातली गोष्ट. रोज सकाळी तो मुलीला अल हैलमध्येच एका गोव्याच्या आंटीकडे सोडून ऑफिसला यायचा. पूर्वी पोर मागे बसून वाटभर कलकलाट करायची. तालमींनी ती शहाणी झाली होती. त्या सकाळी घरातून निघताच एजंटचा फोन आला: दोघांचे व्हिसा आले. मग काय, त्यानं गाडीतूनच भावाला फोन लावला, मित्राला लावला, आणि ऑफिसात शिरला तो दोन्ही हात वर करून. "झालं! खलास!" आम्ही त्याच्याभोवती जमलो. कुणीतरी चहा मागवला. पोरगी गाडीत छळणार नाही ना, असं आमच्यातल्या एकीनं विचारलं.

"छे! आता तोंडातून शब्द काढत नाही."

तेवढ्यात वॉचमन धावत वर आला. "साब, आपकी गाडी में बच्ची है!"

त्याच्या हातातला कप फुटलेला मी ऐकला. जिन्यावरून तो माझ्यापुढे कसा उतरला ते आठवत नाही. काचेआड ती बसली होती. लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले. जागी होती. रडत नव्हती. स्टेशन आलं असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

नशीब, की फार वेळ झाला नव्हता. दवाखान्यात रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती बिस्किटं मागायला लागली. तिच्यापुरतं ते संपलं.

मी त्याला दवाखान्याच्या बाहेर गाठलं. म्हटलं, "झालं ते झालं. पोर सुखरूप आहे. चिपळूणला कळायचं काही कारण नाही. व्हिसा आलाय, जाऊन ये."

 मग माझ्यासमोरच त्यानं सासऱ्यांना फोन लावून सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. शेवटी म्हणाला, "येऊन घेऊन जा तिला."

ते दोघं आले. मला वाटलं होतं, आता म्हातारी त्याला फाडून खाणार. पण ती त्याच्यापाशी जमिनीवरच बसली. "जावईबापू, हिच्या आईला मी एकदा जत्रेत विसरून घरी आले होते. अर्ध्या वाटेत आठवण झाली. होतं माणसाच्या हातून. ठेवा तिला इथेच, मी राहते तुमच्याजवळ."

"नको. मी नापास झालो."

"अहो, पण परीक्षा कुणी घेतली होती तुमची?"

सासरे खिडकीबाहेर बघत होते. त्यांनीही सांगून पाहिलं, दोनदा. हा हलला नाही. मला त्याचा राग आला होता, अजून येतो. सगळं जग माफ करायला बसलं होतं आणि हा एकटा आडवा. पण माझीही नात आहे, आणि हा राग मला कधी धड टिकवता आलेला नाही.

पुढे त्यानं स्वतः मागून घेतली दूरची दुक्मची साइट. तिथे वाळू, समुद्र आणि काम. माझा फोन तो उचलतो, "बरा आहे" म्हणतो आणि ठेवतो.

त्याआधी, चिपळूणला निघालेल्या त्या तिघांना विमानतळावर मीच पोचवलं; तोही सोबत होता. लेक गाडीत असेल तर तो स्टीअरिंगला हात लावत नसे. दवाखान्यातून आल्यापासून त्यानं तिला कडेवरही घेतलं नव्हतं. जेवण आंटी भरवी, आंघोळ आजी घाली. तो दारात उभा राहून बघे.

आत जायच्या दारापाशी सासूबाईंनी मुलीला ट्रॉलीतल्या बॅगांवरून खाली उतरवलं. म्हणाल्या, "जा, बाबांना भेटून ये." ती दुडुदुडु त्याच्यापाशी गेली आणि दोन्ही हात वर केले.

"बाबा, उचल."

त्यानं ट्रॉलीची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. 

"बाबा, उचल ना."

माणसं बाजूनं जात होती. तिचे हात वरच होते. शेवटी सासऱ्यांनी वाकून तिला उचललं.