ओली पत्ती

मुरुडच्या गुरुपादप्पाने आयुष्यभर एकच स्वर वाजवला. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, आणि गावाने ती भरपूर केलीही. सनईच्या जोडीत एक जण राग वाजवतो आणि दुसरा शेजारी बसून नुसता सूर धरतो. त्या दुसऱ्याच्या सनईची भोकं मेणाने बुजवलेली असतात, त्यामुळे बोटांना काम नाही. श्वास तेवढा तुटता कामा नये. तोंडाने फुंकायचं, गालात साठवायचं आणि त्याच वेळी नाकाने आत ओढायचं. थोरले बंधू शिवलिंगप्पा, म्हणजे आण्णा, राग वाजवत आणि गुरुपादप्पा सूर धरी. असं चाळीस वर्षं चाललं. पारावरचे म्हणायचे, "तुझं बरं हाय बाबा गुरू, चुकायची सोयच न्हाई!"

सूर धरण्याखेरीज त्याच्याकडे आणखी एक काम होतं, ते कुणाच्या ध्यानात यायचं नाही. सनईची पत्ती, म्हणजे ओठांत धरायची ती गवताची जीभ, ओली झाल्याशिवाय बोलत नाही. राग वाजवणाऱ्याने बसल्यावर तोंड मिटून मनात स्वर लावायचा आणि सूरवाल्याने त्याची पत्ती आपल्या तोंडात भिजवून द्यायची, अशी त्या घराची रीत होती. वडिलांची पत्ती काका भिजवत. आण्णांची गुरुपादप्पा भिजवी. दोन मिनिटं जिभेखाली धरायची, ओठांनी जोखायची आणि न बघता उजवीकडे हात करायचा. आण्णाही न बघताच घेत. भाकरी वाढावी इतकं ते सवयीचं झालं होतं.

गुरुपादप्पाची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. तो थोरल्या भावाच्याच घरात राहायचा, गोदावरीवहिनींच्या हातचं जेवायचा. देवळातली सनई, लग्नसराई आणि लातूरचा पाडवा महोत्सव एवढंच दोघा भावांचं जग होतं. महोत्सवात मोठमोठे गवई येत. हे दोघे बावीस वर्षं मांडवाच्या दाराशी बसत. लोक चपला सांभाळत आत जायचे, कुणी फोटो काढायचं, कुणी यांनाच विचारायचं की गाडी कुठे लावू.

दोन हजार वीसच्या जानेवारीत महोत्सव चालवणारे रेणुकादास सर मुरुडला घरी आले. शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक, माणूस देवभोळा आणि शब्दाचा पक्का. त्यांनी आण्णांच्या हातावर सुपारी ठेवली आणि म्हणाले, "यंदा दाराशी नाही. यंदा मंचावर. पाडव्याचा पहिला कार्यक्रम तुम्हा दोघांचा, चाळीस मिनिटं."

आण्णांनी सुपारी कपाळाला लावली आणि सनईच्या फडक्यात गाठ मारून ठेवली. वाजवणाऱ्यांत सुपारी एकदा घेतली की परत करत नाहीत. ती घरात आहे तोवर कार्यक्रम तुमच्या डोक्यावर आहे. आण्णा शांत होते. गुरुपादप्पाला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. राग वाजवणाऱ्याला लोक दारातही ओळखतात हो, सूर धरणारा मंचावरच दिसतो.

त्या वर्षी पाडवा आला आणि त्याच दिवसापासून सगळा देश घरात बसला.

पुढे जे सुरू झालं त्याला नाव काय द्यावं? सरळ नाही म्हटलं असतं तर माणसं रडून मोकळी झाली असती. पण सरांचा फोन यायचा की दिवाळीच्या पहाटे करू. मग यायचा की मैदानाची परवानगी अडकली. मग बंद सभागृहात करू, मग दोनशे माणसांत, मग पन्नास माणसांत करू. सकाळच्या सरकारी पत्रकात एक ताल आणि संध्याकाळच्या पत्रकात दुसरा. फोन वाजला की वहिनी चुलीपासूनच विचारायच्या, "आज हाय का न्हाई?" आणि आण्णा हसून म्हणायचे, "आज हाय. उद्याचं उद्या." दर वेळी धोतर धुवायचं, इस्त्री करायची आणि पुन्हा पेटीत ठेवायचं. दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत तर दोघे एसटीने लातूरला पोचले आणि स्टँडवर उतरल्यावर कळलं की कार्यक्रम रद्द. सर स्वतः स्टँडवर आले होते, बिचाऱ्यांना मान वर करवेना. म्हणाले, "सुपारी परत द्या आणि मोकळे व्हा. माझाच भरवसा राहिला नाही."

आण्णा बहुतेक देणार होते. गुरुपादप्पाने फडक्यावर हात ठेवला. "न्हाई सर. सुपारी परत द्यायची रीत न्हाई आमच्यात."

दीड महिन्याने सरांनी नवी युक्ती काढली. रिकाम्या सभागृहात चित्रीकरण करायचं आणि पाडव्याला लोकांना मोबाईलवर दाखवायचं. मंच तोच, दिवे तेच, समोर फक्त माणसं नाहीत. आण्णांनी का-कू केली. "रिकाम्या खुर्च्यांम्होरं काय वाजवायचं रे गुरू? आन् दिवस लई वंगाळ हायती."

"मंच त्यो मंच," गुरुपादप्पा म्हणाला.

जायच्या दिवशी सकाळी त्याचा घसा धरला होता. वहिनींनी आलं-गूळ घालून काढा दिला. म्हणाल्या, "भावजी, बरं वाटंना तर राहू द्या." तो म्हणाला, "गार पाणी पिलो राती, दुसरं काय न्हाई." आण्णांना त्याने तेवढंही सांगितलं नाही. पुन्हा रद्द झालं असतं.

सभागृहात सगळी काळजी घेतली होती, त्यात कसूर नव्हती. दारात हातावर औषध चोळलं, कपाळाला बंदूक लावून ताप बघितला, तो नव्हता. दोघांची आसनं एकमेकांपासून सहा फुटांवर मांडली होती आणि भोवती खडूने वर्तुळं आखली होती. आण्णा डोळे मिटून बसले. गुरुपादप्पाने पत्ती जिभेखाली धरली, ओठांनी जोखली आणि उजवीकडे हात केला. हात पुरेना. तेव्हा तो गुडघ्यांवर सरकत खडूची रेघ ओलांडून गेला आणि ओली पत्ती भावाच्या बोटांत देऊन परत जागेवर येऊन बसला. दिवेवाला दिवे लावत होता. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि देणाऱ्याघेणाऱ्यालाही नाही.

वाजवलं मात्र आण्णांनी असं की काय सांगावं! रिकाम्या खुर्च्यांना कान फुटले असतील.

परतताना जीपमध्ये, मुरुड दोन-तीन मैलांवर असताना गुरुपादप्पाला खोकला आला आणि त्याने तोंडावर हात नेला. तो हात तिथेच राहिला. आपण काय केलं ते त्याला तेव्हा कळलं. शेजारी आण्णा खिडकीला डोकं टेकून झोपले होते. त्याने त्यांना उठवलं नाही.

चौथ्या दिवशी दोघेही तापाने फणफणले. गुरुपादप्पाला शाळेतल्या विलगीकरणात ठेवलं आणि तो आठवड्यात उभा राहिला, कारण ज्याने आणलं त्यालाच सोडून द्यायची त्या रोगाची खोड होती. पाडव्याच्या संध्याकाळी आण्णा लातूरच्या एका दवाखान्यात ऑक्सिजनवर होते आणि त्याच वेळी गावोगावच्या मोबाईलवर वाजत होते. वहिनींनी शेजारच्या पोरीच्या फोनवर ते बघितलं. मालक तिकडे श्वासाला महाग झालेत आणि इथे त्यांचा दम संपता संपत नाही, हे बघताना त्या बाईच्या काळजाचं काय झालं असेल, देव जाणे. चार दिवसांनी आण्णा गेले. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

दोन महिन्यांनी रेणुकादास सर भेटायला आले. वहिनींनी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "तुमच्या महोत्सवानं माझं कुंकू नेलं मास्तर," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या हालमधनंच आणला त्यांनी रोग. परत पाय ठिवू नगा हितं." सर हात जोडून उभे राहिले आणि तसेच गेले. गुरुपादप्पा आतल्या खोलीत सगळं ऐकत होता. चार पावलं टाकून बाहेर यायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच त्याला करायचं होतं. तो आला नाही. पुढे आठ-दहा महिने वहिनी सरांना शिव्याशाप देत आणि त्याच हाताने त्याला गरम भाकरी वाढत, आणि तो ती खाई. घास उतरत नव्हता असं नाही. उतरत होता, त्याचंच त्याला भय वाटे.

बावीसच्या पाडव्याला सगळे निर्बंध उठले. सरांचा फोन आला, आवाज दबका होता. "मंचावर आण्णांचा फोटो ठेवतोय. सुपारी तुमच्याकडेच आहे. नुसता सूर धरलात तरी चालेल, पाच मिनिटं. पण वहिनींना विचारा."

विचारायची त्याची हिंमत नव्हती, पण वहिनींनी ऐकलंच होतं. त्यांनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "त्यांच्या नावाची सुपारी हाय. मोकळी करून या. मी बी येते." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "मास्तराला लई बोलले मी. त्याचा तरी काय दोष म्हना."

गुरुपादप्पा उठला आणि पेटीतलं धोतर काढायला आत गेला.

मैदान तुडुंब भरलं होतं. दोन वर्षांची भुकेली माणसं, एकमेकांना खेटून, उघड्या तोंडांनी हसत बसली होती. पहिल्या रांगेत वहिनी, एक खुर्ची सोडून सर. मंचावर दोन आसनं होती, आता मध्ये वीतभर अंतर. उजवीकडच्या आसनावर हार घातलेला फोटो, त्याच्यापुढे आण्णांची सनई आणि तिच्यावर ती सुपारी. गुरुपादप्पा डाव्या आसनावर बसला. चाळीस वर्षांचं स्वप्न होतं ते. दिवे डोळ्यांवर येत होते. मैदान हळूहळू गप्प झालं.

मांडी घातली की हात आपलं काम करू लागतात. त्याने कनवटीची डबी उघडली, पत्ती काढली, जिभेखाली धरली, ओठांनी जोखली, आणि समोर बघत उजवीकडे हात केला.

कुणी घेतली नाही.

हात तसाच हवेत राहिला. पत्ती दिव्यात ओलसर चमकत होती. लोकांना वाटलं, भावाला मानवंदना चालली आहे. कुणी टाळ्याही वाजवल्या. वहिनी मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. चाळीस वर्षं त्यांनी हा हात बघितला होता आणि आज पहिल्यांदा बघत होत्या. त्यांनी पत्तीकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. त्या सकाळचा काढा त्यांनीच तर केला होता. पदर त्यांच्या तोंडाशी गेला, आणि मान हळूच रेणुकादास सरांकडे वळली आणि परत मंचाकडे आली.

गुरुपादप्पाने हात मागे घेतला आणि मेणाने बुजवलेली सनई तोंडाला लावली. सूर लागला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, सर खालून खुणा करू लागले. राग कधी सुरू होणार म्हणून मागचे लोक कुजबुजू लागले. वहिनींचे डोळे त्याच्यावरून हलत नव्हते. तो नाकाने श्वास घेत राहिला, गालात साठवत राहिला. सूर सोडायची त्याची छाती होईना, कारण सूर सोडला की बोलावं लागणार होतं.