फोटोत माणसं नकोत

लोखंड ओतणाऱ्या एका फौंड्रीच्या मालकांचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओत एका बारशाचे फोटो निवडत बसले होते. दोन दिवसांचं काम आहे, सगळ्या मशीनचे फोटो हवेत, असं ते म्हणाले. फोन ठेवता ठेवता पुढं म्हणाले, "फक्त फोटोत माणसं नकोत."

माझं नाव त्यांना कुणीतरी सुचवलं होतं, कारण गेली दोन वर्षं रविवारी मी कॅमेरा घेऊन उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या गल्ल्यांत फिरत होते. माझ्या लहानपणी त्या गल्ल्यांतून जाताना शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागायचं, इतका लेथचा आणि हातोड्यांचा आवाज असायचा. आता एका रांगेत तीन शटर बंद आणि चौथ्यात मोबाईलच्या कव्हरांचं गोडाऊन. मी त्या शटरांचे फोटो काढायची, अजून तग धरून असलेल्यांच्या दारात जाऊन गप्पा मारायची. चालू फौंड्री आतून दोन दिवस बघायला मिळणार म्हटल्यावर मी पुढचं काही विचारलंच नाही.

फौंड्री उचगावच्या रस्त्याला होती. मालक माझ्याच वयाचे, चाळिशीतले. त्यांनी ऑफिसचं दार लोटून घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. मशीन विकायची होती. बाहेरगावचं गिऱ्हाईक ठरलं होतं. हातातली ऑर्डर पुरी झाली की भट्टी कायमची बंद होणार होती. कामगारांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आत्ता कळलं तर ते दुसरीकडं जातील आणि ऑर्डर अर्ध्यावर राहील, ही त्यांची भीती. माहीत होतं ते फक्त मिस्त्रींना. मिस्त्री म्हणजे मालकांच्या वडिलांपासूनचे तिथले मुख्य कारागीर. सगळी माणसं त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

"कुणी विचारलं तर कॅटलॉगसाठी म्हणा," मालक म्हणाले. बोलताना त्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. मी बरं म्हणाले.

कॅटलॉगची बातमी माझ्याआधी शेडमध्ये पोचली होती. लोकांनी तोंडं धुतली होती, केस विंचरले होते. लेथवरचा माणूस मिस्त्रींचा भाचा. त्यानं मशीन रॉकेलनं पुसून लखलखीत केलं होतं आणि त्याच्या शेजारी तो ताठ उभा होता. मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. त्याला वाटलं, उजेडासाठी सांगतेय. तो दोन पावलं सरकला. मी म्हणाले, अजून थोडं. शेवटी तो पार भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. मशीनला खंडेनवमीला बांधलेली झेंडूची माळ होती, वाळून काळी पडलेली. ती काढू का म्हणून विचारलं तर म्हणाला, ती पुढच्या खंडेनवमीलाच निघते. मी माळेसकट फोटो काढला.

मागच्या शेडमध्ये चार बायका कोअर करायच्या. लोखंडाच्या वस्तूच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात, तो कोअर. त्यांतली एक दुपारच्या चहाला माझ्याशेजारी येऊन बसली. उचगावातून चालत यायची. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. दुपारच्या सुट्टीत पळत जाऊन तिला जेवायला घालून परत येता येतं, म्हणून ही नोकरी तिला सोयीची होती. पण हातकणंगल्याच्या बाजूला एका कारखान्यात नणंदेच्या ओळखीनं जागा निघाली होती. सकाळी सहाला कंपनीची गाडी, यायला संध्याकाळ. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. आता कॅटलॉग निघतोय म्हणजे इथलं काम वाढणारच, तेव्हा ती नाही म्हणून कळवणार होती. हे सगळं तिनं मोकळेपणानं सांगितलं आणि मी ऐकून घेतलं. माझ्या कपातला चहा तसाच राहिला.

संध्याकाळी स्टुडिओत फोटो संगणकावर घेतले. एका फोटोच्या कडेला कुणाचं तरी कोपर आलं होतं, एकात चप्पल. मी ती पुसून टाकत होते. आपण दिलेला शब्द आणि त्या बाईचा शनिवार, यांतलं काय जड, हे मला ठरवता येईना. मालकाचं गुपित आहे, आपलं काय, असंही मनाला सांगून बघितलं.

दुसरा दिवस शुक्रवार होता. मी मागच्या शेडकडं वळले तर ती नळावर हात धूत होती. मला बघून तिनं नळ तसाच चालू ठेवला.

"बाई, मशीनपुढनं आमास्नी हटवताय ते का?" तिनं हळूच विचारलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मला बाकीचं काय बी सांगू नगा. उद्याच्याला तिकडं व्हय म्हणू का न्हाय म्हणू, येवढंच सांगा."

साच्यांची गाडी ढकलत दोघं जण जवळून गेले. ते जाईपर्यंत तिनं पुन्हा हात धुतले.

"हो म्हणा," मी म्हणाले.

तिनं नळ बंद केला आणि आत गेली. दिवसभर मी कुणाच्याही डोळ्याला डोळा न देता उरलेले फोटो काढले.

सोमवारी फोटो द्यायला गेले, तर गेटातच मालकांचा चढलेला आवाज ऐकू आला. ती बाई कामावर आली नव्हती. तिच्या शेडमधली आणखी एक आली नव्हती, आणि साचे भरणारे दोघे दुसरीकडं जागा बघायला गेले होते. बाकीची माणसं हातातलं काम टाकून गोलाकार उभी होती. मधे मिस्त्री, मान खाली घातलेले.

लोकांचे कान कोण भरतंय, असं मालक त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होते. मिस्त्री एकच सांगत होते, मी कुणाशी बोललो न्हाय. माणसं मिस्त्रींच्या बाजूनं होती. भाचा तर पुढं येऊन मालकांना म्हणाला की म्हाताऱ्या माणसावर असा आळ घेऊ नका. मालकांनी हात पुढं केला आणि मिस्त्रींकडं किल्ल्या मागितल्या.

मिस्त्रींनी कमरेचा जुडगा सोडायला घेतला, ते मला बघवेना.

"मिस्त्रींनी नाही, मी सांगितलं," मी एका दमात म्हणाले. "मशीन विकायची आहेत हे तुम्हा दोघांशिवाय मलाच ठाऊक होतं."

मालक माझ्याकडं बघत राहिले. पण माणसं माझ्याकडं बघत नव्हती. भाच्यानं मिस्त्रींकडं तोंड केलं.

"दोघं म्हंजे? मामा, तुमास्नी ठावं हुतं?"

मिस्त्रींनी सोडलेला जुडगा मुठीत आवळला.

"मागल्या आठवड्यात मी इचारलं तुमास्नी, दुसरीकडं बघू का. तुमी म्हणालासा, हितंच ऱ्हा."

"दीड म्हैना झाला," मिस्त्री म्हणाले. किल्ल्या त्यांच्या हातातच होत्या, आणि आता त्या कुणीच मागत नव्हतं.

भाच्यानं डबा उचलला आणि तो गेटाबाहेर गेला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणखी सात-आठ जण गेले. ऑर्डर शेवटी मालक, मिस्त्री आणि उरलेल्या चौघांनी मिळून कशीबशी पुरी केली, असं नंतर कळलं. मालकांनी मला पुन्हा कधी फोन केला नाही. फोटोंबद्दलही काही बोलले नाहीत. मशीन ट्रेलरवर चढून गेली तेव्हा मी तिथं नव्हते.

कोअरवाली आता सहाच्या गाडीनं जाते. सासूला दुपारी शेजारीण वाढते. मला एकदा बाजारात भेटली, हात धरून बोलली. भाचा शाळेच्या मुलांची गाडी चालवतो.

मालकांच्या अटीबाहेर मी दोन-चार फोटो माणसांचेही काढले होते. त्यांच्या प्रती घेऊन दोन महिन्यांनी मी मिस्त्रींच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. भाचा त्याच गल्लीत, चार घरं सोडून राहतो, पण त्या दिवसापासून त्यांच्या उंबऱ्याला आलेला नाही, हे त्यांच्या बायकोनं मला चहा देताना सांगितलं.

"तुमी माझ्यासाठी बोलला, ते ठावं हाय मला," मिस्त्री म्हणाले. "खरं दोघं म्हणायला नगं हुतं."

त्यांचं बरोबर होतं. आणि ते सहा आठवडे गप्प बसले होते, हेही होतंच.

त्यांनी फोटो एकेक करून बघितले. एकात भाचा भिंतीपाशी उभा होता, सरक म्हटल्यावर मागं गेलेला, तरी कॅमेऱ्याकडं बघून हसणारा. तो त्यांनी बाजूला काढला आणि माझ्याकडं परत दिला.

"त्याच्याकडं जाणार असशीला तर त्याला द्या ह्यो. मी दिला म्हणू नगा."

मी चार घरं पुढं गेले. भाच्यानं दारातच फोटो घेतला, शर्टाला पुसून पुन्हा बघितला आणि आत या म्हणाला नाही. मी मिस्त्रींच्या घरून आले हे त्यानं बघितलं असणारच. पण विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.