चिसोमोच्या खांद्यावरचा हात

मी जालन्याहून निघाले त्या दिवशी आईनं शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. बाबांनी तर आपल्या टायपिंग क्लासची सकाळची बॅचही सोडली नव्हती. ती संपवून ते थेट स्टेशनवर आले, तेव्हा बोटांना कार्बन पेपरचा निळा डाग तसाच होता. गाडी हलली, तसे खिडकीशी चार पावलं चालत म्हणाले, "पोचलीस की आधी आईला फोन कर. मग बॅगा उघड." आईनं माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, झाकण घट्ट केलं आणि परत दिली.

याला आता वीस वर्षं होऊन गेली. मी इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले आणि इथलीच झाले. सुरुवातीला ऑफिसात कोणी विचारलं, की मी "मुंबईजवळ" म्हणून मोकळी व्हायचे. जालना आणि मुंबई यांच्यात अख्खा दिवस जातो, पण ऐकणाऱ्याला काय फरक पडणार होता. तुमच्यातले जे असेच बाहेर पडले, त्यांना हे नवीन नाही. आपण आपलं गाव समोरच्याच्या नकाशात बसेल एवढं करून सांगतो. पुढे ती सवय कुठे घेऊन जाते, हे मला आफ्रिकेत, मलावीत कळलं.

आमच्या भागात एक छोटी चॅरिटी आहे. मलावीतल्या एका माध्यमिक शाळेला ती मदत करते. ती चालवणारी मार्गरेट रिटायर्ड हेडटीचर. माझी मुलगी लहान असताना महिनाभर आजारी होती, तेव्हा ही बाई दर मंगळवारी सूप घेऊन दारात उभी असायची. त्यामुळे तिनं वेबसाइट करून मागितली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. ती ईमेलनं मजकूर आणि फोटो पाठवायची, मी ते नीट मांडून साइटवर टाकायचे. शनिवारी सकाळी चहा पिता पिता होणारं काम.

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसानं जुने लॅपटॉप काढून टाकले. मी ते मागून घेतले, साफ केले, आणि तीन आठवड्यांची रजा काढून मलावीला गेले. शाळेतल्या दहावी-अकरावीच्या वयाच्या मुलामुलींना कॉम्प्युटर आणि इंटरनेट शिकवायचं, असा बेत होता.

वर्ग लांबट होता, वर पत्रे, खिडक्यांना गज. एकेका लॅपटॉपवर तिघं-चौघं. इंटरनेट म्हणजे मिस्टर फिरी यांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. ते गणित शिकवायचे आणि आता कॉम्प्युटरही शिकवणार होते. पहिल्या दिवशी माउस कसा धरायचा इथपासून सुरुवात झाली. चौथ्या दिवशी मुलं फोल्डरमध्ये फोल्डर करून एकमेकांच्या फायली लपवू लागली. पुढच्या बाकावर चिसोमो नावाची सोळा वर्षांची मुलगी बसायची. प्रश्न विचारताना ती उभी राहायची आणि उत्तर पटल्याशिवाय बसायची नाही. "मॅडम, सेव्ह केलं म्हणजे नक्की कुठे गेलं?" असं तिनं विचारलं, तेव्हा मला उत्तर जुळवायला वेळ लागला होता.

नवव्या दिवशी सर्च शिकवायचं होतं. मी म्हटलं, तुम्हाला हवं ते शोधा. मुलांनी फुटबॉलचे खेळाडू शोधले, कोणी गाणी. चिसोमोनं आपल्या शाळेचं नाव टाकलं.

आमचीच साइट वर आली. मला बरंच वाटलं. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. नेट इतकं मंद होतं, की पानावरचा फोटो वरून खाली हळूहळू उतरत होता. आधी आकाश, मग केस, मग कपाळ. डोळे आले आणि तिच्या शेजारची मुलगी हसायला लागली. "ही तर तू."

मी चिसोमोकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. तीच होती, तीन वर्षांनी लहान. नऊ दिवस ही मुलगी माझ्यासमोर बसत होती. तो फोटो मी स्वतः साइटवर टाकला होता, आणि मी तिला ओळखलं नव्हतं.

फोटोखाली मजकूर आला. चिसोमो मोठ्यानं वाचू लागली, वर्गात वाचायची सवय असते तशी. "ही ग्रेस. ग्रेसचे आईवडील दोघेही वारले. तिला जवळचं असं कोणी नाही. ती उपाशीपोटी शाळेत येते." दुसऱ्या वाक्याशी तिचा आवाज उतरला, तरी तिनं शेवटपर्यंत वाचलं. हसणं थांबलं. मागच्या बाकांवरची मुलं उठून स्क्रीनभोवती आली.

"माझं नाव ग्रेस नाही," ती म्हणाली. मग तिनं स्क्रीनला बोट लावलं. फोटोच्या डाव्या कडेला, तिच्या खांद्यावर एक हात होता. नुसता हात, मनगटापर्यंत. "हा माझ्या आईचा हात आहे. आई कुठे गेली?"

मला माहीत होतं आई कुठे गेली ते. मूळ फोटोत एक बाई तिच्या शेजारी उभी होती. पानावर जागा आडवी कमी होती आणि मजकूर अनाथ मुलीचा होता, म्हणून मी तो फोटो कापला होता. हात थोडा राहिला होता. तेव्हा मला वाटलं होतं, असू दे, एखाद्या शिक्षिकेचा वाटेल.

"मॅडम, हे कोणी लिहिलंय?"

मी म्हटलं, "मी विचारून सांगते." तास संपायला वेळ होता, पण मी वर्ग सोडला.

मिस्टर फिरी बाहेर व्हरांड्यात होते. मी त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं ते हादरतील. ते शांतपणे म्हणाले, "मी ते वाचलंय. आधीच."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी वर्गाकडे हात केला. "ते पान आलं, त्याच वर्षी मिळालेल्या पैशांतून हे पत्रे आले. पावसाळ्यात आम्ही इथे वर्ग घेऊ शकत नव्हतो. मी स्वतःला सांगितलं, ती कुणी दुसरी ग्रेस असेल." मग म्हणाले, "तिच्या आईला मी रोज बाजारात भेटतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिसोमोची आई शाळेत आली. एस्नार्ट तिचं नाव. बाजारात तिचं शिवणाचं मशीन होतं आणि शाळेतले निम्मे गणवेश तिच्या हातचे होते. ती इस्त्रीच्या कपड्यांत, ताठ मानेनं वर्गात आली आणि बाकावर बसली. ती चिचेवा या तिथल्या भाषेत बोलायची, चिसोमो मला इंग्रजीत सांगायची.

"आई विचारते, ती कशानं मेली असं लिहिलंय?"

"तसं काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"आई विचारते, मग तिला मारलं कोणी?"

सारवासारव करायला माझ्याकडे वाक्यं होती. मार्गरेटनं मजकूर पाठवला, ती इतक्या लांब, तिला सगळं कुठे माहीत. पण मुलगी समोर उभी होती आणि माझं प्रत्येक वाक्य तिला स्वतःच्या तोंडानं आईला सांगावं लागणार होतं. मी म्हटलं, "मजकूर दुसऱ्या बाईनं पाठवला. पान मी केलं. फोटो मी कापला."

चिसोमोनं भाषांतर केलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. काल मी तिला "विचारून सांगते" असं म्हटलं होतं, ते तिला आठवत असणार. आईनं कोपरानं ढोसलं तेव्हा तिनं खाली बघून दोन-तीन शब्दांत सांगून टाकलं.

एस्नार्टनं पान बघायला मागितलं. ती स्वतःच्या हाताकडे पुष्कळ वेळ बघत होती. रागावेल, ओरडेल असं मला वाटत होतं. तिनं फक्त एक प्रश्न विचारला.

"तुझी आई आहे का?"

"आहे. इंडियात."

"तिच्याबद्दल तू काय लिहिलंयस?"

मी म्हटलं, "काही नाही." त्या क्षणी मला ते खरं वाटत होतं.

साइटचा पासवर्ड माझ्याकडे होता. मी लॅपटॉप पुढे ओढला आणि म्हटलं, "हे पान मी आत्ता काढून टाकते." चिसोमोनं माझा हात धरला. "काढू नका. ते कसं बदलायचं ते मला शिकवा."

तो त्या तीन आठवड्यांतला माझा सगळ्यात चांगला तास असावा, आणि मी त्यात जवळपास काहीच केलं नाही. एडिट कुठे दाबायचं ते दाखवलं. माझ्या ईमेलमधून मूळ फोटो काढायला अर्धा तास गेला. बाकीचं तिनं दोन बोटांनी लिहिलं, प्रत्येक ओळीनंतर आईला वाचून दाखवत. "माझं नाव चिसोमो. शेजारी माझी आई एस्नार्ट. ती शिवणकाम करते. मी सकाळी जेवून शाळेत येते. माझ्या शाळेला कॉम्प्युटर आणि पुस्तकं हवी आहेत. तुम्ही मदत केलीत तर आम्ही आभारी राहू, पण माझी आई जिवंत आहे." शेवटचं वाक्य एस्नार्टनं सांगितलेलं. पब्लिश दाबल्यावर ती उठली, पदरासारखं कापड खांद्यावर सारखं केलं आणि मशीनकडे परत गेली.

त्या दुपारी मी साइटवरचं एकेक पान उघडून बघायला बसले, आणखी किती ग्रेस आहेत ते शोधायला. शेवटी "आमचे लोक" हे पान आलं. माझा फोटो. त्याखाली मी स्वतः, माझ्या हातानं, चार वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं: "दुष्काळी खेड्यात वाढलेली. घरातली शिकलेली पहिली बाई."

मी ते तीनदा वाचलं. जालना खेडं नाही, हे सोडा. मला पहिलं अक्षर आईनं गिरवून घेतलं होतं. तिच्या हाताखालून किती वर्गांची मुलं गेली याचा हिशेब तिच्याकडेही नसेल. ही ओळ लिहिताना माझ्या डोक्यात वाईट काही नव्हतं. चॅरिटीसाठी चर्चच्या हॉलमध्ये एकदा मला बोलायला लावलं होतं, तेव्हा पाण्याचे टँकर, लोडशेडिंग असं सांगता सांगता लोक पुढे झुकून ऐकू लागले. ते झुकणं मला आवडलं. मग मी एक वाक्य जास्त बोलले, आणि पुढे तेच साइटवर टाकलं. एस्नार्टला मी "काही नाही" म्हणाले होते.

परत आल्यावर मार्गरेटकडे गेले. तिनं चहा केला. ती म्हणाली, "पण त्यातल्या कितीतरी मुलांच्या बाबतीत ते खरंच आहे." मी म्हटलं, "हिच्या बाबतीत नाही." ती बराच वेळ कप फिरवत राहिली. मग म्हणाली, "आणि तू? तू तर त्यातून आलेली. तुझं ऐकून मला वाटलं, असंच सांगायचं असतं." ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं.

ट्रस्टींची मीटिंग झाली. मुलांच्या सगळ्या कहाण्या काढायचं ठरलं, चिसोमोचं पान राहिलं. मार्गरेटनं काम सोडलं. आता सुपरमार्केटमध्ये भेटली तर हवापाण्याचं बोलते. मदत आटली, शाळेला द्यायचं कायमचं इंटरनेट लांबणीवर पडलं. हेही सांगायला हवं. मिस्टर फिरी यांच्या हॉटस्पॉटवर मी शनिवारी सकाळी व्हिडिओवरून तास घेते. चिसोमो पुढच्या बाकावर असते. मी काही सांगितलं, की "हे तुम्ही तपासलंय का?" असं विचारते. तिचा विश्वास मी पुन्हा कमावला, असं म्हणवत नाही.

जालन्याला फोन करायला मला बरेच दिवस लागले. आधी ती ओळ साइटवरून काढली, मग केला. आई फोनवर आली तेव्हा मी सगळं सांगितलं, मलावीचं आणि माझ्या ओळीचंही.

ती म्हणाली, "वाचलं होतं मी ते."

"कधी?"

"झाली की तीन-चार वर्षं. बाबांनी कॉम्प्युटरवर तुझं नाव टाकलं होतं, त्यात निघालं. फोटो छान होता."

"आई, मग बोलली का नाहीस?"

"तुला तिकडे तसं सांगावं लागत असेल, असं वाटलं." मग जरा वेळानं, "दोन दिवस वाईट वाटलं. मग कामाला लागले."

त्या चार वर्षांत मी दोनदा जालन्याला जाऊन आले होते. तिनं माझ्या डोक्याला तेल लावून दिलं होतं, शेजारणीला माझं कौतुक सांगितलं होतं. तिच्या मनात ती ओळ होती आणि मी समोर जेवत बसले होते.

मागे राहिलेल्यांनो, तुम्ही वाचता, हे आम्ही बाहेर पडलेले विसरून गेलो होतो. आम्हाला वाटलं, तुमच्याबद्दल बोलायची जागा आणि तुमची राहायची जागा यांच्यात समुद्र आहे. इतकी वर्षं घर म्हणजे माझ्यासाठी इथल्या लोकांना सांगायची एक गोष्ट होती. आता कोणी विचारलं, तर मी जालना म्हणते, आणि आई शिक्षिका होती म्हणते. लोक पुढे झुकत नाहीत. मान हलवतात आणि दुसरं काही विचारतात.

हे सगळं लिहून झाल्यावर मी आईला पाठवलं. तिनं दोन दिवस लावले. मग फोन करून म्हणाली, बाकी राहू दे, एक परिच्छेद काढ. मी का ते विचारलं नाही, तो काढला. त्यात काय होतं ते तिला, बाबांना आणि मला माहीत आहे. माझं घर सध्या तेवढंच आहे, बाहेर कुणाला न सांगितलेलं.