अमोनाइटची शिवण

रोह्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते, आणि गणपतीचा सीझन जवळ आला की माझं डोकं फिरतं. माहेर पेणजवळच्या हमरापूरचं, भावाचा मूर्तींचा कारखाना. म्हणजे ओटीवर गणपती, माडीवर गणपती, पाणी प्यायला आत जावं तर तिथेही बिनडोळ्यांचे गणपती रांगेनं बसलेले.

भावाची मुलगी शिकायला माझ्याकडे, रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात, राहायची. हुशार पोरगी. मी बाजारातून माकुळं, म्हणजे ऑक्टोपसच्या जातभाईंपैकी मासळी, आणून वर्गात कापायचे, तेव्हा बाकीची नाकं मुरडायची नाहीतर मसाल्याच्या गप्पा हाणायची. ही पुढे येऊन माकुळाच्या आतलं पांढरं हाड दाबून बघायची. म्हणायची, "आत्या, म्हंजे बाहेरचा शंख आत गेला, व्हय ना?" व्हय गो, तेच! त्यांच्याच कुळातल्या नॉटिलसनं शंख अजून अंगावर वागवलाय, माकुळाचा आत गेला, ऑक्टोपसचा तर जवळजवळ संपलाच. एवढं बाकीच्यांच्या टाळक्यात घालताना माझा घसा बसतो.

माझ्याकडे एक अमोनाइट आहे. नॉटिलसचा लांबचा नातलग, डायनासोरांच्या वेळेस संपून गेलेला. त्याचा हा वेटोळा शंख, दगड झालेला, मुठीत मावणारा. मला कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी निवृत्त होताना दिला. या शंखाच्या आत खोल्या असतात. खोल्यांमधल्या भिंती बाहेरच्या कवचाला जिथे चिकटतात तिथे रेघ उमटते, तिला शिवण म्हणतात. वरचं कवच झिजलं तरच ती दिसते. नॉटिलसची शिवण साधी, हलकी नागमोडी. अमोनाइटची कोथिंबिरीच्या पानासारखी कातरलेली. गट ओळखायचा तो तिच्यावरून. भाची भिंगातून बघून ती शिवण कागदावर काढायची, आणि काय काढायची! हात कारखान्यातला ना.

त्याच हातानं घात केला. दुसरं वर्ष संपलं आणि भावाचा फोन आला. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, तिच्यासारखं कुणाला जमत नाय, सुट्टीपुरती पाठव. निघताना मी अमोनाइट तिच्या पिशवीत घातला. म्हटलं, "कॉलेज सुरू झालं की घेऊन ये." त्याच्यासाठी तरी ती परत येईल, असं मला वाटलं.

कॉलेज सुरू झालं, ती काही आली नाही. फोन केला की भाऊ म्हणायचा, "यंदा ऑर्डरी लय हायत ताय." प्रवेशाची मुदत संपत आली तेव्हा मीच पेणची एसटी पकडली.

कारखान्यात रंगाच्या डब्यांशेजारी, फळीवर, माझा अमोनाइट सोनेरी चमकत होता. शिवणी सगळ्या लांबी, म्हणजे मूर्तीच्या भेगा भरायचा लगदा, भरून बुजवलेल्या, वर पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत. तुटकं तोंडसुद्धा भरून टाकलेलं.

माझा तोल गेला. या घरात चीर दिसली की हात आपोआप लांबीच्या डब्याकडे जातो, हे मला चांगलं ठाऊक आहे. खंडित मूर्ती घेणार कोण? पण म्हणून हे? "अरे कर्मा! रेघ दिसली की भर, एवढंच येतं का रे तुम्हाला? जळला मेला तो कारखाना! पोरीचं वर्ष बुडवलंस आणि वर हे!" कामाला आलेल्या बाया हात थांबवून बघत राहिल्या. भाऊ हळूच म्हणाला, "मी हात नाय लावला ताय. पोरीनं केलाय."

ती कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. समोरच्या मूर्तीचा एक डोळा काढून झाला होता.

"तू?" मला रडूच फुटायला आलं. "शिवण आहे ती, ठाऊक होतं ना गो तुला? विसरलीस?"

"विसरता येत नव्हती म्हणून तर बुजवली, आत्या," ती म्हणाली. "रोज डोळ्यासमोर यायची."

मग तिनं ब्रश रंगात बुडवला आणि दुसरा डोळा काढायला घेतला.